पाच सेंटांचे दुकान आणि पेठेचा रस्ता

एखाद्या ओळखीच्या पेठेतून दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा चालत गेले, म्हणजे माणसांच्या आधी दुकाने डोळ्यांत भरतात. जिथे कापड मिळत असे तिथे औषधे, जिथे पुस्तके होती तिथे चपला, आणि जिथे एका घराण्याने तीन पिढ्या भांडी विकली तिथे एकाच भावात वाटेल ते देणारे झगझगीत दुकान उभे असते. आपण 'रस्ता फार बदलला हो' असे म्हणतो आणि पुढे चालू लागतो. परंतु रस्ता आपोआप बदलत नसतो. उतरलेल्या प्रत्येक पाटीमागे कोणाचा तरी हिशेब चुकलेला असतो, आणि चढलेल्या प्रत्येक पाटीमागे कोणीतरी नवा हिशेब मांडलेला असतो. हा हिशेब कसा मांडतात, तो कोणाला फळतो आणि कोणाला जाचतो, हे नीट समजावे म्हणून मी आज एकच दुकान निवडले आहे. ते आपल्या गावचे नाही. ते अमेरिकेत जन्मले, इंग्लंडात फोफावले, आणि दोन्ही देशांत शंभर-सव्वाशे वर्षे नांदून बंद पडले. त्याचे नाव वुलवर्थ. स्वस्त किरकोळ मालाची जी दुकाने आज जगभर दिसतात, त्यांचा कुलपुरुष म्हणून याच्याकडे बोट दाखवायला हरकत नाही.

फ्रँक विनफील्ड वुलवर्थ हा न्यूयॉर्क संस्थानातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. त्याचा जन्म १८५२ चा. शेतीत मन रमेना म्हणून तो वॉटरटाउन गावी एका दुकानात उमेदवारी करू लागला. गिऱ्हाइकाशी गोड बोलून माल गळ्यात मारण्याची कला त्याला मुळीच साधली नाही. विक्रेता म्हणून तो अगदीच बेताचा होता. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा प्रताप या उणिवेतूनच निघाला. १८७८ साली त्या दुकानात पडून राहिलेला किरकोळ माल एका मेजावर मांडला गेला आणि 'या मेजावरील कोणतीही वस्तू पाच सेंट' असा फलक वर लावला गेला. माल बघता बघता उठला. वुलवर्थने जाणले की येथे विक्रेत्याने तोंड उघडण्याचे कारणच उरलेले नाही; फलक बोलतो आणि वस्तू स्वतःला विकते.

पुढच्याच वर्षी, २२ फेब्रुवारी १८७९ रोजी, मालकाकडून सुमारे तीनशे डॉलरांचा माल उधारीवर घेऊन त्याने युटिका शहरी 'पाच सेंटांचे भव्य दुकान' उघडले. ते काही आठवड्यांतच बसले. जागा आडबाजूची होती आणि पाच सेंटांत देता येतील अशा वस्तू तरी किती असणार! दुसरा कोणी असता तर कल्पनाच खोटी म्हणून घरी परतला असता. वुलवर्थने दोष कल्पनेला न देता जागेला दिला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात पेन्सिल्व्हेनियातील लँकेस्टर येथे त्याने पुन्हा दुकान थाटले, ते मात्र चालले. लवकरच पाचाच्या जोडीला दहा सेंटांची रांग आली आणि 'फाइव्ह अँड टेन' हा शब्दच अमेरिकन बोलीत रूढ झाला.

आता या दुकानाची घडण पाहू. एकच भाव ही कल्पना काही वुलवर्थची नव्हे. पॅरिस, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया इथल्या मोठमोठ्या भांडारांनी ती आधीच रुळवली होती. पण ती भांडारे सुखवस्तू लोकांची. साध्या माणसाच्या नशिबी जे दुकान होते, त्यात माल फळीवर किंवा खणात बंद असे, मध्ये फळकुटाचा आडवा कट्टा असे, आणि कट्ट्यापलीकडच्या माणसाला विचारल्याखेरीज वस्तू हाती येत नसे. किंमत विचारावी लागे. आणि विचारून न घेता परत फिरायचे म्हणजे अंगावर चोरट्यासारखे व्हायचे. वुलवर्थने माल उघडा मांडला. गिऱ्हाइकाने हिंडावे, हाताळावे, पाहावे. किंमत फलकावर आहेच. नाही घेतले तरी कोणी तोंड वाकडे करीत नाही. ज्याच्या खिशात दहाच सेंट आहेत त्यालाही येथे मानाने वावरता येते, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. स्वस्त दुकानाचा उपहास करणाऱ्यांनी ही बाजू विसरता कामा नये.

दुसरा खांब खरेदीचा. पाच सेंटांना विकायची वस्तू तीन-साडेतीन सेंटांना पदरात पडलीच पाहिजे. मधल्या दलालाकडून घेऊन ते जमणार नाही. म्हणून वुलवर्थ थेट कारखान्यावर जाऊ लागला, प्रचंड प्रमाणावर आणि रोखीने माल उचलू लागला. १८९० साली तो युरोपात गेला. जर्मनीच्या थुरिंजिया भागातल्या लाउशा वगैरे गावी काचकाम करणारी कुटुंबे घरोघर फुंकणीने काचेचे गोळे घडवीत असत. नाताळच्या झाडावर टांगायचे ते गोळे वुलवर्थच्या दुकानांतून अमेरिकेच्या घराघरांत गेले. एकेका दुकानाला हे शक्य नव्हते. शेकडो दुकानांची मागणी एका हाती आली तेव्हाच ते झाले. म्हणून साखळी वाढविणे भागच पडले. १९१२ साली त्याने आपली आणि आपल्या आप्तमित्रांची मिळून ५९६ दुकाने एका कंपनीखाली आणली. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये त्याची ७९२ फूट उंचीची इमारत पुरी झाली. पुढे १९३० पर्यंत तिच्याहून उंच इमारत जगात नव्हती. एक कोटी पस्तीस लाख डॉलरांचा तो खर्च त्याने रोख दिला. तिच्या प्रवेशदालनात एक छोटीशी कोरीव मूर्ती आहे. तीत वुलवर्थ स्वतः बसून पाच-पाच सेंटांची नाणी मोजतो आहे. आपल्या वैभवाचा उगम कोठे आहे, याचा त्या माणसाला विसर पडला नव्हता.

तिसरा खांब मात्र जरा जपून पाहण्याजोगा आहे. फलकच किंमत सांगतो आणि वस्तूच वस्तूला विकते असे ठरले, म्हणजे विक्रेत्याच्या अंगी कसब लागत नाही. कसब लागत नाही, म्हणजे पगारही फारसा द्यावा लागत नाही. वुलवर्थने आपल्या व्यवस्थापकांना स्पष्टच लिहिले होते की नोकर स्वस्त नसतील तर मालही स्वस्त देता येणार नाही. दुकाने भरली ती कमी पगाराच्या तरुण मुलींनी. याचे उत्तर एक दिवस मिळायचेच होते. २७ फेब्रुवारी १९३७ रोजी डेट्रॉइट शहरातल्या वुलवर्थच्या शंभरावर मुलींनी गिऱ्हाइकांना बाहेर काढले, दारे लावून घेतली आणि त्या दुकानातच ठाण मांडून बसल्या. सात दिवस त्यांनी मुक्काम ठोकला. मागणी होती तासाला दहा सेंट वाढीची. मिळाली पाच सेंटांची. पाच आणि दहा! ज्या दोन आकड्यांवर त्या मुली आयुष्यभर वस्तू विकीत होत्या, त्याच दोन आकड्यांत त्यांच्या श्रमाचा सौदा झाला.

येथवरचा निष्कर्ष सांगायचा तर तो असा: स्वस्ताई आकाशातून पडत नाही. काही भाग शहाणपणाच्या खरेदीतून येतो, तो निर्मळ. काही भाग दुसऱ्या कोणाच्या तरी पगारातून कापला जातो. दुकानाच्या दर्शनी काचेतून आपल्याला फक्त वस्तू आणि किंमत दिसते. हे दोन भाग वेगवेगळे दिसत नाहीत.

या दर्शनी काचेविषयीही थोडे सांगितले पाहिजे. वुलवर्थचे दुकान कोणत्याही गावी गेले तरी ओळखू येई: लाल पट्टी, तीवर सोनेरी अक्षरे, खाली काचेच्या मोठमोठ्या खिडक्या. आजूबाजूला कोणाचे नाव, कोणाचा धंदा, कोणाचे गाव हे सांगणाऱ्या नाना तऱ्हेच्या पाट्या होत्या. त्यांत सगळीकडे एकसारखी असणारी ही पहिली काही पाट्यांपैकी एक. ५ नोव्हेंबर १९०९ रोजी लिव्हरपूलच्या चर्च स्ट्रीटवर इंग्लंडातले पहिले दुकान उघडले. तिथे भाव तीन पेन्स आणि सहा पेन्स. सहा पेन्सांवर काहीही नाही, ही प्रतिज्ञा त्यांनी दुसऱ्या महायुद्धापर्यंत पाळली. पाळली म्हणजे कशी, याची मौज ऐका. १९३० च्या दशकात व्ही. पी. ट्विन नावाचा एक चिमुकला कॅमेरा तिथे मिळे, तो तुकड्यातुकड्यांनी. प्रत्येक तुकड्याला सहा पेन्स, फिल्मला आणखी सहा. प्रतिज्ञाही राहिली आणि वस्तूही विकली गेली. एकाच भावाच्या दुकानाला महागाई गाठू लागली, की वस्तूचे तुकडे पडतात किंवा वस्तू आकसते; हा नियम तेव्हापासूनचा आहे.

दुकान म्हणजे केवळ विक्रीची जागा असती तर ही कथा येथे संपती. पण गावच्या हमरस्त्यावरचे दुकान ही सार्वजनिक जागाही असते. अमेरिकेतल्या बहुतेक वुलवर्थमध्ये फराळाचा एक लांब काउंटर असे. दक्षिणेकडील संस्थानांत कृष्णवर्णीयांनी तेथे बसायचे नाही, असा दंडक होता. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो गावी चार कृष्णवर्णी विद्यार्थी दुकानात शिरले. त्यांनी आधी टूथपेस्ट वगैरे किरकोळ वस्तू विकत घेतल्या, पावती खिशात ठेवली, आणि मग फराळाच्या काउंटरवर बसून कॉफी मागितली. कॉफी मिळाली नाही. ते उठले नाहीत. ज्या दुकानाने एका काउंटरवर आमचे पैसे आनंदाने घेतले, त्यानेच दुसऱ्या काउंटरवर आम्हाला नाकारावे हे कसे, एवढाच त्यांचा सवाल होता. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, तिसऱ्या दिवशी त्याहून अधिक. हा बैठा सत्याग्रह गावोगाव पसरला. २५ जुलै १९६० रोजी दुकानाने दंडक सोडला आणि त्या काउंटरवर पहिल्याने वाढले ते त्याच दुकानातल्या कृष्णवर्णी नोकरांना. आज तिथे नागरी हक्कांचे संग्रहालय आहे. सर्वांसाठी उघडे, असे म्हणून ज्याने धंदा वाढविला, त्याला त्या शब्दाचा पुरता अर्थ गिऱ्हाइकांनीच शिकविला.

मग हे दुकान बुडाले कशाने? १९६२ हे साल लक्षात ठेवावे. त्या एका वर्षात केमार्ट, वॉलमार्ट आणि टार्गेट ही तिन्ही सवलतीची महादुकाने निघाली. वुलवर्थनेही त्याच वर्षी वूल्को नावाचे असे दुकान काढून पाहिले, पण अमेरिकेत ते वीस वर्षांत आटोपले. मोटार घरोघर आली होती. लोक गावाबाहेर राहायला गेले होते. गाडी लावायला मोकळी जागा जिथे, तिथे बाजार गेला. वुलवर्थची सारी शक्ती पायी चालणाऱ्या गर्दीत होती. ती गर्दीच ओसरली. १९९७ साली कंपनीने अमेरिकेतली उरलेली चारशेहून अधिक दुकाने बंद करण्याचे जाहीर केले. कंपनी मेली नाही. तिने जोड्यांच्या धंद्यात शिरून नाव बदलले. मेले ते दुकान.

इंग्लंडातली शाखा निराळ्या कारणाने गेली. २००१ साली ती मूळ गटातून वेगळी करताना तिच्या मालकीच्या १८२ दुकानांच्या इमारती विकण्यात आल्या आणि तीच दुकाने भाड्याने घेण्यात आली. विक्रीचा पैसा दुसरीकडे गेला. भाडे मात्र दुकानाच्या गळ्यात राहिले. स्वतःच्या गाळ्यात बसलेला दुकानदार मंदीचे एखादे वर्ष काढू शकतो. भाड्याच्या गाळ्यात ते वर्षच त्याला काढते. २००८ च्या मंदीत ३८ कोटी ५० लाख पौंडांच्या कर्जाखाली ही कंपनी कोसळली. ६ जानेवारी २००९ रोजी ८०७ दुकानांपैकी शेवटचे दार लागले आणि सुमारे २७,००० माणसांचे काम गेले. गाळ्याचे महत्त्व सांगणारी एक गोष्ट वॉलमार्टच्याच घरातली आहे. त्याचा संस्थापक सॅम वॉल्टन याने १९४५ साली आर्कान्सामधील न्यूपोर्ट गावी असेच किरकोळ मालाचे दुकान भाड्याच्या गाळ्यात नावारूपाला आणले. १९५० साली मालकाने भाडेपट्टा वाढवून द्यायचे नाकारले आणि वॉल्टनला गाव सोडावे लागले. म्हणून पाटी बदलली की आपण माल आणि भाव यांची चर्चा करतो. चौकशी बहुधा भाडेपट्ट्याची करायला हवी.

आता रिकाम्या झालेल्या त्या आठशे गाळ्यांचे काय झाले? जे झाले त्यात या विषयाचे सार आहे. काही गाळे गोठविलेले अन्न विकणाऱ्यांनी घेतले. पुष्कळ गाळ्यांत एक पौंडात वस्तू देणारी दुकाने शिरली. म्हणजे सहा पेन्सांच्या दुकानाच्या जागी एका पौंडाचे दुकान आले. लाल पाटी गेली, पण कल्पना तीच. डॉर्चेस्टर गावी जुन्या दुकानाच्या व्यवस्थापिकेने मार्च २००९ मध्ये त्याच गाळ्यात 'वेलवर्थ्स' नावाचे दुकान काढून आपल्या जुन्या सोबत्यांना काम दिले. पण २०१२ साली तेही मिटले. आणि १९९० साली बर्टन येथे पहिले दुकान उघडून पौंडलँड नावाची जी साखळी वाढली होती, ती साखळीच जून २०२५ मध्ये नाममात्र एका पौंडाला विकली गेली!

अमेरिकेत हीच गादी डॉलरच्या दुकानांनी चालविली. डॉलर जनरलचे पहिले दुकान १९५५ साली केंटकीतल्या स्प्रिंगफील्ड गावी निघाले. आज त्याची २०,००० हून अधिक दुकाने आहेत. एक मौजेचा हिशेब आहे. १८७९ चे पाच सेंट म्हणजे आजचे साधारण दीड डॉलर. डॉलर ट्री या साखळीने कित्येक वर्षे जपलेला एक डॉलरचा भाव २०२१ च्या अखेरीस सव्वा डॉलर केला. म्हणजे दीडशे वर्षे होत आली तरी गिऱ्हाइकाचा हात सहज खिशात जातो तो आकडा फिरून फिरून तिथेच घुटमळतो आहे.

पण एका गोष्टीत मोठा फरक पडला. भाव ठरीव आणि खर्च वाढता, तेव्हा पुडा लहान होतो. समजा, मोठ्या दुकानात किलोभर साबणपूड चार डॉलरांना मिळते आणि डॉलरच्या दुकानात दोनशे ग्रॅमची पिशवी एका डॉलरला. किलोचा हिशेब केला तर दुसरी पाच डॉलरांना पडते. हे गणित गरिबाला येत नाही असे नव्हे. त्याच्याजवळ आज चार डॉलर नाहीत, एवढेच. हातात थोडा पैसा असणे हेच महागात पडते. शिवाय ही दुकाने बहुतांशी टिकाऊ माल ठेवतात. ताजी भाजी, फळे नासतात, त्यांत नफा थोडा. त्यांच्या स्पर्धेत पेठेतला वाणी उठला, म्हणजे भाव उतरतात आणि भाजी नाहीशी होते. ओक्लाहोमातल्या टल्सा शहराने याच कारणासाठी २०१८ साली उत्तर भागात नियम केला की अशा नव्या दोन दुकानांत निदान एक मैलाचे अंतर असावे, आणि ताजे अन्न विकणाऱ्यांना उत्तेजन मिळावे. दुकानाला बंदी नाही. एकाच जातीच्या दुकानांनी सारा रस्ता गिळू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

या सगळ्याशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. 'हर माल' अशी आरोळी देत जाणारी हातगाडी आपल्याला कोणी अमेरिकेतून आणून दिलेली नाही. जपानातली डायसो ही शंभर येनांची मोठी साखळीदेखील अशाच फिरत्या विक्रीतून निघाली. गर्दीत एकेका वस्तूची किंमत पाहून सांगायला वेळ पुरेना, म्हणून सगळेच शंभर येन. तुळशीबागेत घासाघीस करून वस्तू घेण्याची हौस आपल्याला आहे, तशी पुड्यावरची छापील किंमत पाहून निमूट पैसे देण्याची सवयही आता जडली आहे. 'स्टेशनरी, कटलरी व जनरल स्टोअर्स' अशी पाटी लावून बसलेला कोपऱ्यावरचा दुकानदार दोन्हींच्या मध्ये उभा आहे. तो उधार देतो, एक बटण, एक सुई, वहीचा एक कागदसुद्धा सुटा देतो, आणि आपले पोर चुकले तर घरी आणून पोचवितो. या कामांचा भाव कोणत्याच फलकावर लिहिलेला नसतो. म्हणून तो दुकानदार नेहमी महाग वाटतो.

जुने ते सगळे राखा, असे मी म्हणणार नाही. कट्ट्यापलीकडे उभे राहून गरिबाला ताटकळत ठेवणारे दुकानही जुनेच होते, आणि ते वुलवर्थने मोडले हे बरे झाले. माझी विनंती एवढीच आहे की पेठेत नवी पाटी चढेल तेव्हा तिच्या झगझगाटाबरोबर तीन गोष्टी विचारून पाहाव्यात. हा भाव कोणाच्या पगारातून निघाला? हा गाळा कोणाचा, आणि भाडे कोणाच्या गावी जाते? आणि या दुकानामुळे जे मिटले, ते देत होते ते आता कोण देणार? पहिल्या प्रश्नाला डेट्रॉइटच्या मुलींनी उत्तर दिले, दुसऱ्याला इंग्लंडातल्या आठशे बंद दारांनी. तिसऱ्याचे उत्तर टल्सा शोधते आहे. त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. घरी जाताना आपल्याच रस्त्यावरच्या पाट्या एकदा मान वर करून वाचल्या, आणि त्यांतल्या कोणत्या दुकानात आपण गेल्या महिन्याभरात पाऊल टाकले हे आठवून पाहिले, तरी अभ्यासाला आरंभ झाला.